नोव्हेना होऊ दे, मग सांगते

आमच्या पिढीच्या घरांत मोठा निर्णय एका दिवसात होत नसे. मुलीला स्थळ सांगून आलं, वाडीच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं, थोरल्याला आखातातल्या नोकरीचं बोलावणं आलं, तरी आजीचं उत्तर ठरलेलं असायचं: नोव्हेना होऊ दे, मग सांगते. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. तेवढे दिवस दलालाने थांबायचं, एजंटाने थांबायचं, मुलाकडच्यांनीही थांबायचं. वसईतल्या ख्रिस्ती घरात हे कुणी मनाला लावून घेत नसे. आजीने विषय मरियामातेच्या कानावर घातला होता, आणि तिच्याकडून काही सुचेपर्यंत घाई करणं कुणालाच शोभलं नसतं.

आता स्थळाचा फोटो सकाळी फोनवर येतो आणि संध्याकाळपर्यंत होकार-नकार कळवावा लागतो. कॅनडातल्या कॉलेजला उत्तर द्यायची तारीख परवाची असते. जमिनीचं बोलायला येणारा माणूस टोकनचा चेक खिशात घेऊनच येतो. आमची मुलं हे सगळं सफाईने निभावतात. चार ठिकाणी चौकशी करतात, फायदे-तोटे लिहून काढतात, तिथे आधी गेलेल्यांना मेसेज टाकतात, आणि त्यांचे निर्णय आमच्या आईवडिलांच्या निर्णयांपेक्षा पुष्कळदा बरे निघतात. हे मी मनापासून मान्य करते. तरी ते नऊ दिवस गेले याचं मला दुःख होतं. ते दुःख खरं किती आणि उतारवयाची सवय किती, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं.

संध्याकाळी चर्चमधून आंजेलस प्रार्थनेची घंटा झाली की वाडीतली कामं थांबत. रहाटाचा बैल सोडलेला असे, पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या भाजीच्या टोपल्या बांधून ओटीवर ठेवलेल्या असत. हातपाय धुऊन सगळे जपमाळेसाठी अल्तारासमोर जमायचे. अल्तार म्हणजे भिंतीवरचा लाकडी देव्हारा: येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियामातेचा पुतळा, तेलाची वात आणि वाडीतलीच फुलं. गुडघे टेकायचे ते सारवलेल्या जमिनीवर. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आणि मे हा मरियामातेचा, त्यामुळे त्या महिन्यांत घरची माळ पुरत नसे. गावातल्या क्रुसापाशी आख्खी आळी जमायची आणि शेवटच्या दिवशी उकडलेले चणे वाटले जायचे. नुसते चण्यांसाठी आलेले पोरगेही प्रार्थनेला आलेलेच धरले जात, त्यांना कुणी वेगळं काढत नसे.

आजीची माळ लाकडी मण्यांची होती. मूळची तार तुटल्यावर तिने ती गजऱ्याच्या दोऱ्यात पुन्हा ओवली होती, आणि चौथ्या दहा मण्यांमधला एक मणी कधीचा हरवला होता. तिथे पोचली की ती अंगठ्याने तर्जनीचं पेर दाबायची, दहावी प्रार्थना त्या पेरावर म्हणायची आणि मग पुढच्या मोठ्या मण्यावर जायची. घरात नवी माळ होती, कुणीतरी वेलांकनीहून आणलेली, निळ्या काचेच्या मण्यांची. ती अल्ताराला टांगलेलीच राहिली.

प्रत्येक दहा मण्यांच्या आधी आजी क्षणभर थांबून हेतू सांगायची. ही दहा कुणासाठी, ते. दिवस गेलेल्या सुनेसाठी. मचव्यावर गेलेल्या शेजारच्या मुलासाठी. बांधावरून चाललेलं भांडण मिटावं म्हणून. आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दहांना, आवाज जरासा उतरवून: आलेल्या स्थळाचं काय करावं ते कळावं म्हणून. घरातली सगळी माणसं ते ऐकायची, कुणी लगेच मत द्यायचं नाही, आणि नऊ संध्याकाळी तोच हेतू पुन्हा कानावर पडायचा.

मग त्या नऊ दिवसांत काय काय घडायचं! काका पापडीच्या बाजारात कुणाला तरी भेटायचे आणि मुलगा पितो हे कळून यायचे. वडील तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहून यायचे. पुरुषांसमोर एरवी तोंड न उघडणारी आई सहाव्या दिवशी चुलीपाशी आजीला म्हणायची, पोरीचं मन नाही दिसत. दहाव्या दिवशी आजी निर्णय सांगायची आणि म्हणायची, मरियामातेनं सुचवलं. लहानपणी आम्हाला वाटायचं की आजीला रात्री स्वप्न पडत असणार. पुढे काका, सातबारा आणि आई यांचा हिशेब लागला, पण त्याने माझी श्रद्धा उणावली नाही. मरियामाता उत्तर चिठ्ठीवर लिहून देत नाही. ती घरातल्या माणसांना बोलतं करते आणि त्यासाठी थोडा वेळ मागून घेते, असं मी आजही मानते.

नऊ दिवसांची ही रीतही तिच्याच सोबतीने सुरू झालेली. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा येईपर्यंत शिष्य यरुशलेमात माडीवरच्या खोलीत एकदिलाने प्रार्थना करत थांबले होते, आणि येशूची आई त्यांच्यासोबत होती, हे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे. पुढे काय करायचं हे ठाऊक नसलेली, घाबरलेली माणसं आणि त्यांच्यात बसलेली ती.

पण त्या नऊ दिवसांचा दुसरा हिशेबही मांडायला हवा. तापाने फणफणलेल्या मुलाला लुर्दच्या तीर्थाच्या पाण्याचे चार थेंब पाजून वाट पाहणारी घरं आमच्या आळीत होती, आणि डॉक्टर आणायला उशीर झाला म्हणून गेलेली मुलंही. आजीच्या हेतूत कधीकधी घरातली अशी गोष्ट चारचौघांत उघडी पडायची की जिच्याविषयी ती होती ती बाई खाली मान घालून बसायची. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासाठी त्याच्याच बायकोने, त्याच्याच समोर प्रार्थना म्हणायची आणि रात्री त्याचा मारही खायचा, हे आम्ही पाहिलं आहे. माळेने घर एकत्र बसवलं हे खरं, पण त्यातल्या प्रत्येक बाईला ती वाचवू शकली नाही.

आणि मुलींना तर मरियेच्या नावाने गप्प बसवलं गेलं. उलट बोललं की मरियामाता कशी होती बघ. शिकायला वसई रोडच्या पलीकडे जायचं म्हटलं की मरियामाता घरात राहिली ना. देवदूत येशूच्या जन्माची वार्ता घेऊन आला, तिने मान तुकवली, तुम्हीही तुकवा. मुलांना मात्र तिच्यासारखं व्हायला कुणी सांगत नसे. लूकच्या शुभवर्तमानात त्या मान तुकवण्याच्या आधी एक प्रश्न आहे, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. नाझरेथची ती कोवळी मुलगी देवदूताला विचारते की हे व्हायचं तरी कसं, आणि उत्तर ऐकून मगच होकार देते. आमच्या वाट्याला होकार आला, प्रश्न मधल्या मध्ये गळून पडला.

आज आमच्या भाच्या आणि मुली प्रश्न आधी विचारतात. त्यांना तसं शिकवणाऱ्यांत चर्चही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात एक संपूर्ण प्रकरण मरियेवर लिहिलं आणि तिला श्रद्धेच्या वाटेवर आपल्या पुढे चालणारी म्हटलं. त्यानंतर १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी तिच्या भक्तीवर एक पत्र काढलं. मुकाट्याने सगळं सोसणारी बाई म्हणून तिच्याकडे पाहू नका, तिने विचार करून, धीटपणे निर्णय घेतला, असं त्यात स्पष्टपणे मांडलं आहे. हे पत्र आमच्या तरुणपणी आमच्या आळीपर्यंत पोचलं असतं तर किती बरं झालं असतं! आज वेदीवरून तरुण फादर हे बोलतात आणि पुढच्या बाकावरच्या मुली माना वर करून ऐकतात. आमच्या वेळी त्याच बाकावर आम्ही डोक्यावर पदर घेऊन खाली बघत बसायचो.

त्याही आधी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमधून चालायची तेव्हा, फादरांची पाठ लोकांकडे असायची आणि वेदीवर काय चाललं आहे ते फार थोड्यांना कळायचं. म्हाताऱ्या बायका मिस्सा चालू असतानाच आपली माळ काढून जपत बसायच्या. न कळणाऱ्या भाषेच्या छायेत त्यांनी आपल्या भाषेतली एक प्रार्थना जिवंत ठेवली होती. बायबल घरात नसे, असलं तरी वाचता येणारे थोडे. माळ हेच त्यांचं बायबल. दीडशे स्तोत्रं मठातले साधू म्हणत, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं ते त्यांच्याऐवजी दीडशे वेळा मरियेला नमन करत, अशी तिची जुनी परंपरा. पंधरा रहस्यं, म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी. सोमवारी आणि गुरुवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बाकीच्या दिवशी गौरवाची. कुठल्या दिवशी कुठली हे आजीला विचारावं लागत नसे. आज कोणती म्हटली त्यावरून ती उलट वार ओळखायची.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. शुभवर्तमानांत मरिया फार थोडं बोलते, आणि लोकांना उद्देशून काय करायचं हे ती फक्त एकदाच सांगते. गालीलातल्या काना गावी लग्न असतं, द्राक्षारस संपतो, यजमानाची अब्रू जायची वेळ येते. ती आधी मुलाच्या कानावर घालते आणि मग वाढप्यांना सांगते की तो सांगेल ते करा. तिचा सल्ला असा तो एवढाच. आणि जिच्याकडे आमच्या आज्यांनी जन्मभर सल्ला मागितला, तिचा हा एकुलता एक सल्ला त्यांच्या माळेत नव्हताच! पंधरा रहस्यांत लहानगा येशू मंदिरात सापडतो आणि पुढच्याच टप्प्याला, मरणाआधीच्या रात्री, गेथशेमानीत घाम गाळतो. मधली सगळी वर्षं, कानाचं लग्न धरून, वगळलेली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्यं जोडली आणि कानाचं लग्न त्यांतलं दुसरं झालं. गुरुवार प्रकाशाच्या रहस्यांना मिळाला, गुरुवारची आनंदाची शनिवारी गेली.

आमच्यापैकी पुष्कळांना तेव्हा ते रुचलं नव्हतं. शतकानुशतकं घडलेल्या माळेला कुणी हात का लावावा? आज मला वाटतं की जुनं सगळं पूर्ण होतं हा आपला हट्टच. कानाची कथा मराठीला काही नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात ती ओव्यांत सांगितली आहे, आणि आमच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ती सोप्या मराठीत घरात आणली. तरी जी गोष्ट रोज गुडघे टेकून, मणी सरकवत म्हटली जाते तिची मुळं वेगळी रुजतात. आमच्या मुलांच्या माळेत काना आहे. आमच्या आजीच्या माळेत एक मणी कमी होता, आणि हा एक टप्पाही.

माहीमच्या बुधवारची मात्र मला अजूनही ओढ वाटते. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. नऊ बुधवार जायचं. वसईहून पहाटेच्या गाडीने निघालेल्या बाया, दादर-परळचे हिंदू कामगार, पारशी म्हाताऱ्या, सगळे एकाच रांगेत. तिथली तसबीर पुष्कळांच्या घरी असते. बाळ येशू काहीतरी भीतिदायक पाहून आईच्या कुशीत शिरला आहे, धावपळीत त्याच्या एका पायातली चप्पल निसटून बंदावर लोंबते आहे, दोन्ही हातांनी त्याने तिचा हात घट्ट धरला आहे. तिची नजर मात्र बाळाकडे नाही, आपल्याकडे आहे. तिथे लोकांनी लिहिलेली पत्रं वाचून दाखवत: नोकरी मिळावी, मूल व्हावं, मुलगा घरी परतावा. नावं नसायची. पण ऐकताना प्रत्येकाला वाटायचं की हे आपलंच आहे, आणि आपल्या अडचणीची लाज कमी व्हायची. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतही तसंच. सप्टेंबरात मरियेच्या जन्मदिवसानंतर भरणाऱ्या त्या जत्रेत मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ आणि मेणाचं घर विकायला असतं. टेकडी चढणाऱ्याच्या हातात काय आहे त्यावरून त्याचं दुखणं शेजारच्याला कळतं. अनोळखी बाई विचारते, किती दिवस झाले हो पायाला?

आता मागणी कळते ती फोनवर. ‘प्लीज प्रे’ एवढंच लिहिलेलं असतं, खाली जोडलेल्या हातांची रांग. कशासाठी ते विचारणं बरं दिसत नाही, आणि सांगणाऱ्यालाही सांगायचं नसतं. माणसाचं खासगी ते खासगी राहावं, हे मला पटतं. आजीच्या माळेत ज्या सुनेची गोष्ट उघडी पडली तिला विचारा, ती याचं मोल सांगेल. २०१९ मध्ये तर व्हॅटिकनच्या पुढाकाराने मनगटात घालायची इलेक्ट्रॉनिक जपमाळ निघाली. हातात घालून क्रुसाची खूण केली की फोनवरची प्रार्थना सुरू होते आणि किती मणी झाले ते फोन मोजतो. रात्रपाळीच्या नर्सला, दुबईच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलाला, गुडघे टेकता न येणाऱ्या म्हाताऱ्याला याचा आधार आहे. कोविडच्या काळात क्रुसापाशी जमता आलं नाही तेव्हा पडद्यावरच्या माळेनेच कितीतरी घरांना सावरलं, आमच्याही. पण त्या माळेत मणी चुकत नाही, आणि पेर दाबून उरलेली प्रार्थना पुरी करावी लागत नाही, याची मला उगाचच हुरहुर लागते.

सगळ्यात जास्त आठवतो तो माळेनंतरचा आशीर्वाद. शेवटचा मणी झाला की धाकट्यांनी थोरांपुढे जाऊन हात जोडायचे आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा. आजी, आजोबा, वडील, काका, आई, काकू, मग मोठी भावंडं. कुणालाही वगळायची मुभा नव्हती. दुपारी ज्या काकांशी आईचं वाजलं होतं त्यांच्यासमोरही आईला जावं लागायचं. काका काही क्षण तसेच बसायचे, मग हात उचलायचे. त्या उचललेल्या हाताने कितीतरी भांडणं रात्रीच्या जेवणाआधी मिटवली, आणि कितीतरी भांडणं नुसती दाबून टाकली, हेही तितकंच खरं. ज्या हाताचा मार खाल्ला त्याच हाताचा आशीर्वाद घ्यायला लहान मुलाला उभं करणं न्यायाचं नव्हतं. तरी दिवस संपण्याआधी घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाच्या डोळ्यांत एकदा पाहायचं, ही रीत होती. आज आमच्या घरी माळ होते तेव्हा शेवटचं नमन झालं की मुलं ‘गुडनाइट’ म्हणून आपापल्या खोलीत जातात. चांगली मुलं आहेत. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला मागे जाते, आणि ती हसून थांबतात.

वाड्या गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या. आमच्या इमारतीत ऑक्टोबरात रोज एका घरी माळ असते. शेवटच्या दिवशी चणे उकडायला आता कुणाला वेळ नाही म्हणून केक आणि वेफर्स येतात. मुलांना ते आवडतं, मलाही चालतं. बहुतेक जण हेतू मनातल्या मनात ठेवतात. गेल्या ऑक्टोबरात एका गुरुवारी कानाच्या लग्नाच्या रहस्याआधी तळमजल्यावरच्या विधवा बाईंनी तो मोठ्याने सांगितला. त्यांच्या माहेरच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला होता, भावांनी सही करायला बोलावलं होतं, आणि करावी की नाही ते कळत नव्हतं. माळ झाली, वेफर्स झाले, कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका चष्मा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि दोन तास कागद वाचत बसले. वारसांच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. काकांनी भावांना फोन लावायला सांगितला आणि नाव घातल्याशिवाय कशावरही सही करू नका म्हणून बाईंना बजावलं.